अकरा नंबरचा बर्फ

बर्फावर पहिल्यांदा उतरले तेव्हा माझं काम एवढंच होतं: आकडा ऐकायचा आणि वहीत लिहायचा.

मासे धरायची मला परवानगी नव्हती. जर्मनीत त्यासाठी वर्गात बसून परीक्षा द्यावी लागते, मग फिशरायशाइन नावाचा परवाना मिळतो. तो नसताना कुणाचा गळ नुसता सांभाळत उभं राहिलं तरी पंचाईत होऊ शकते. हे मी फोनवर घरी सांगितलं तेव्हा वडिलांना हसू आवरेना. गेली तीस वर्षं ते आमच्याकडच्या धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकतात. आई आठवडी बाजारात मासे विकते.

"लेखी परीक्षा?"

"हो. माशांची नावं, कल्ल्यांची रचना, कायदा."

"मग मी नापास," वडील म्हणाले.

मागून आई ओरडली, "तिला इचारा, तितं बाजारात बसायची बी परीक्षा हाय का?"

मी कार्ल्सरूहेला जल-अभियांत्रिकी शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिसऱ्या सेमिस्टरला प्राक्टिकुम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे काही महिने, करावं लागतं. ते मला पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका लहान गावात मिळालं. गावाखाली नदी अडवून फुगवलेलं जुनं धरण आहे, आणि मी जिथे काम करत होते त्या छोट्या कार्यालयात अशा धरणांच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी ठेवल्या जात. माझ्याकडे त्या नोंदी साफ करायचं काम होतं. एखादा सेन्सर तासभर बंद पडला की तक्त्यात रिकामी जागा राहते. मग आधीचा आकडा बघायचा, नंतरचा बघायचा आणि त्यांच्यावरून मधला भरायचा. दिवसाला शंभरेक अशा जागा मी भरत असे. ते काम मला चांगलं जमत होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

मी राहत होते ते घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं. आजी पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या, आजोबा शाळेची बस चालवायचे. मी त्यांना तोंडाने आडनावानेच हाक मारायचे, पण मनात ते आजी-आजोबाच होते. आजोबा गावातल्या मासेमारांच्या फेराइनचे, म्हणजे मंडळाचे, जुने सभासद. हिवाळ्यात धरण गोठलं की त्याच्या एका अरुंद फाट्यात मंडळाला बर्फावर बसून गळ टाकायची मुभा होती. पण त्याआधी पाहणी व्हायला हवी. दोघांनी आदल्या दिवशी बर्फावर जायचं, वीस-वीस पावलांवर गिरमिटाने भोकं पाडायची, प्रत्येक ठिकाणी बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि काठावरच्या होडीघराच्या फळ्यावर खडूने लिहायची. फळ्यावर ज्या भोकाचा आकडा नाही, त्याच्या आसपास कुणी फिरकत नाही. ज्याचा आहे, तिथे लोक डोळे झाकून जाऊन बसतात.

आजोबांचा नेहमीचा जोडीदार गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी होता. एका संध्याकाळी जेवताना मी म्हणाले की माझे वडील धरणात मासे धरतात. आजोबांनी हातातला पाव खाली ठेवला.

"आणि हे तू मला आत्ता, तीन महिन्यांनी सांगतेस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"चला तर," ते बायकोला म्हणाले, "मला जोडीदार मिळाला."

शनिवारी सकाळी नऊला आम्ही बर्फावर उतरलो. दोघांच्या कमरेला एकच दोर, मध्ये दहा मीटरचं अंतर. ते पुढे. आधी पहारेने बर्फावर दोन घाव घालायचे, आवाज ऐकायचे, मग एक पाऊल टाकायचं. ठरलेल्या जागी आले की गिरमिट उभं धरून फिरवायचे, भोकात खुणा केलेली, टोकाला हूक असलेली पट्टी सोडायचे, बर्फाच्या खालच्या कडेला हूक अडकवायचे आणि आकडा ओरडून सांगायचे. "सतरा!" मी लिहायचे, सतरा. "अठरा!" अठरा. मोजलेल्या जागेवर हेझलच्या झुडपाची एक फांदी खोचायची. अशा चार-चारच्या तीन ओळी.

"बर्फावर 'झी', म्हणजे 'तुम्ही', म्हणायचं नाही," त्यांनी मला सांगितलं होतं. "इथे सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू'. माणूस पाण्यात पडला तर आदर दाखवायला वेळ नसतो."

मला ते काही जमलं नाही. मी त्यांना कशानेच हाक मारली नाही.

आठव्या भोकानंतर त्यांचा खांदा आखडला. ते काठाजवळ जाऊन उभे राहिले, दोर पूर्ण लांबीचा सोडला आणि म्हणाले, शेवटची ओळ तू कर, मी दोर धरतो. मी नऊ केलं. सोळा. दहा केलं. सोळा. गिरमिट फिरवताना घाम आला, आणि मला आनंद झाला होता हे खरं आहे. कितीतरी महिन्यांनी मी हाताने काहीतरी करत होते.

दहावरून अकराकडे निघाले आणि बर्फ ओरडला.

दुसरा शब्द मला सापडत नाही. मोठा पत्रा कुणीतरी एका टोकाला धरून हलवावा तसा लांबच लांब आवाज माझ्या पायांखालून निघून पलीकडच्या काठापर्यंत गेला. मी जागीच उभी राहिले. पाय पुढे पडेना. आजोबांनी दुरून हात हलवला, म्हणजे काही नाही, चालू दे. मी हात हलवून उत्तर दिलं. ते पाठ वळवून दुखरा खांदा चोळत राहिले. मग मी पुढे न जाता काठाच्या बाजूने मोठा वळसा घेतला आणि सरळ बारा नंबरच्या जागी पोहोचले. तिथे भोक पाडलं. सोळा. परत येताना अकराच्या जागेच्या बऱ्याच अलीकडे, जिथवर मला धीर झाला तिथे, एक फांदी खोचली. दुरून ओळीत दिसेल एवढी.

वहीत अकरापुढची जागा रिकामी होती. एका बाजूला सोळा, दुसऱ्या बाजूला सोळा. मी सोळा लिहिलं. लिहिताना मला आपण खोटं लिहितोय असं वाटलं नाही. कार्यालयातल्या तक्त्यात मी हेच केलं असतं आणि कुणी काही बोललं नसतं.

होडीघरापाशी आजोबांनी माझ्या वहीतून बघून बाराही आकडे फळ्यावर उतरवले. आवाज ऐकून घाबरलीस ना, असं विचारून हसले. "ओरडणारा बर्फ चांगला. तो ताणतो, जागा करतो. मला भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या बर्फाची." मग अकराच्या आकड्यावर खडू टेकवत म्हणाले, "उद्या आपण इथे बसायचं. खाली जुन्या नदीचं पात्र आहे, सगळ्यात खोल. बार्श मासे हिवाळ्यात तिथेच गोळा होतात."

मी "हो" म्हणाले.

घरी येऊन बूट काढले, मोजे रेडिएटरवर टाकले आणि त्यांचं बोलणं आठवलं. जुन्या नदीचं पात्र. हे शब्द मी कार्यालयातल्या नकाशांवर रोज बघत होते. दुपारी वडिलांना फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलले. जेवलात का, पाणी किती आहे, पाय कसा आहे. मग विचारलं, "अण्णा, धरण भरलं तरी खाली नदी वाहते का?"

"म्हंजे?"

"म्हणजे जुनं पात्र असतं ना खाली. त्यात पाणी हलतं का?"

"हलतं की. वरून कळत न्हाई. आपल्या फुगवट्यात बघ, जुन्या पात्रावर जाळं टाकलं की सकाळी चार हात सरकलेलं असतंय. बाजूचं जाग्यावर. का गं? परीक्षेत आलंय व्हय?"

"नाही. असंच."

"असंच तू कवा काय इचारतीस?"

मी रेंजचं कारण सांगून फोन ठेवला. खालचं पाणी हलत असेल तर वरचा बर्फ पातळ राहतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी पुस्तकातही वाचलं होतं. जुन्या पात्राचं एक वळण दहा आणि बाराच्या मधे घुसलेलं होतं. अकरा नदीवर. तिथे सोळा असेलही. सहा असेल. मला माहीत नव्हतं, आणि फळ्यावर माझ्या अक्षरावरून उतरवलेलं सोळा होतं.

खाली जाऊन लगेच सांगायचं, एवढंच करायचं होतं. मी जिन्यापर्यंत गेले. खालून आजोबांचा फोनवरचा आवाज येत होता. मंडळातल्या कुणाशी तरी बोलत होते. "हो, हो, बारा भोकं. मुलीने लिहिलं. काय स्वच्छ लिहिते! तुमच्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या तरी एवढ्या स्वच्छ नाहीत. अगदी बरोबर, मासेमाराचीच मुलगी आहे. रक्तातच आहे."

मी परत वर गेले.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. तेव्हा मी मनाला काय काय सांगत होते ते आठवतं. रात्री थंडी आणखी वाढणार आहे, बर्फ जाड होईल. ते पहार मारत मारतच जातील, त्यांना कळेलच. दोर असेलच. पण फळ्यावर आकडा लिहिला की लोक पहार मारत नाहीत, हेही मला त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तर पाहणी करायची. कॉलेजात गेल्यापासून मला एक भीती आहे, की एक दिवस कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणेल, हिला काही येत नाही, ही इथे चुकून आली आहे. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी याच्या उलट म्हणत होतं. मला ते शब्द अजून एक दिवस माझ्याकडे राहायला हवे होते.

सहाला जेवायला बसलो. पाव, चीज, काकडीचं लोणचं. आजी म्हणाल्या, "काही खात नाहीयेस."

"दमलेय."

"पहिल्या दिवशी सगळेच दमतात," आजोबा म्हणाले. "उद्या आठला. पोस्टातली आपली ती येणार आहे, तिचा भाऊ येणार आहे. मी सांगितलंय, अकरापाशी जागा तुम्हाला पण आहे. सोळावर चार माणसं आरामात बसतात."

चार माणसं. मी तोंड उघडलं. म्हणाले, "मला जरा चहा मिळेल का?"

सकाळी साडेसहाला मी उठले तेव्हा ठरवलं होतं की कुणाला काही सांगायचं नाही. तळघरातून गिरमिट आणि पट्टी घ्यायची, एकटीने जायचं, अकरा मोजायचं आणि जो आकडा येईल तो फळ्यावर बदलायचा. ते लोक आठला येतील तोवर सगळं नीट झालेलं असेल. मला तो उपाय चांगला वाटला होता. बाहेर उजाडायला लागलं होतं. गिरमिट घेऊन तळघराच्या जिन्यावरून वर आले तर आजी बाहेरच्या दारात उभ्या. अंगात गाऊन, हातात कॉफीचा मग.

"कुठे?"

"जरा धरणावर."

"गिरमिट घेऊन?"

मी गिरमिट पाठीमागे नेलं.

"एकटी?" त्यांनी कॉफीचा मग खिडकीत ठेवला. "चाळीस वर्षं मी दवाखान्यात काढली. बर्फातून काढून आणलेली माणसं मी बघितली आहेत. प्रत्येक जण एकटा गेलेला होता. सांग आता."

मग मी सांगितलं. जर्मन नीट येईना, क्रियापदं कुठेही पडत होती. अकरा मोजलं नाही. भीती वाटली. मध्ये रिकामं होतं, म्हणून भरलं. आजी ऐकत होत्या आणि माझ्या मागे, वरच्या मजल्याच्या जिन्यावर बघत होत्या. मी वळले. आजोबा वरच्या पायरीवर उभे होते, एका पायात मोजा, दुसरा हातात.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि दुसरा मोजा घालू लागले. त्याला बराच वेळ लागला.

"फांदी होती तिथे," शेवटी म्हणाले. "मी काठावरून बघितली."

"मी अलीकडे खोचली."

"मला दिसावी म्हणून?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "चल," म्हणाले. "बूट घाल."

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेसात झाले होते. पोस्टातून निवृत्त झालेली बाई आणि तिचा भाऊ आधीच आले होते. दोघांच्या घडीच्या खुर्च्या, बादल्या, थर्मास बर्फाच्या काठावर मांडलेले. आजोबा कुणाशी न बोलता फळ्यापाशी गेले आणि बाहीने शेवटची ओळ पुसली. नऊ, दहा, अकरा, बारा, सगळं.

"हे काय?" बाई म्हणाली.

"मोजलेलं नाही."

"काल तर होतं!"

"काल चूक होती. आमची."

"मी पाचला उठले आहे यासाठी. पाचला! याला अंथरुणातून ओढून आणलंय."

"माझ्याकडे बघा, मी अजून झोपेतच आहे," भाऊ म्हणाला.

आजोबा 'आमची' म्हणाले होते. मी गप्प राहिले असते तर ते तेवढ्यावरच थांबले असते, याची मला आजही खात्री आहे. मी म्हणाले, "माझी चूक. अकराला मी भोक पाडलं नाही. आकडा मनाने लिहिला."

बाईने माझ्याकडे बघितलं. मग फळ्याकडे. "मनाने," ती म्हणाली. तिने आपली खुर्ची मागे ओढली आणि तिच्यावर बसली, काठावरच, जमिनीवर.

आम्ही दोर बांधला. या वेळी मी मागे. भावाने काठावर दोराचं टोक धरलं. दहापर्यंत गेलो. आजोबांनी नवीन भोक पाडलं, सोळा. तिथून ते एकेक पाऊल पुढे सरकू लागले. दोन घाव, पाऊल. दोन घाव, पाऊल. पहारेचा आवाज टणक होता, दगडावर आपटल्यासारखा. माझ्या फांदीच्या पुढे सात-आठ पावलांवर तो बदलला. भरलेल्या माठावर मारावं तसा. बर्फ ओरडत नव्हता. काहीच आवाज करत नव्हता. त्यांनी तिसरा घाव घातला आणि पहार मुठीपर्यंत खाली गेली. भोकातून काळं पाणी वर आलं आणि त्यांच्या बुटांभोवती पसरलं.

ते हलले नाहीत. मला म्हणाले, "मागे जा. हळू." मी मागे गेले, दोर ताणला. ते पोटावर आडवे झाले, पट्टी सोडली, बघितली, आणि तसेच सरपटत मागे आले. दहापाशी पोहोचून उभे राहिले तेव्हा त्यांच्या जाकिटाचा पुढचा भाग भिजला होता.

"सहा," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. सोळावर काट मारून, त्याच्या शेजारी.

त्यानंतर आम्ही पूर्ण फाटा पुन्हा मोजला. बाराही भोकं, पहिल्यापासून. दुपार झाली. त्या दिवशी कुणीही गळ टाकला नाही. बाई आणि तिचा भाऊ सकाळी दहा वाजायच्या सुमाराला थर्मास संपवून निघून गेले. जाताना बाई आजोबांशी बोलली, माझ्याशी नाही.

घरी फोनवर मी सगळं सांगितलं. वडिलांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तू त्या जागंवर गेली न्हवतीस ना?"

"नाही."

"भ्या वाटलं म्हणून."

"हो."

"आणि म्हाताऱ्याला धाडत हुतीस."

मग म्हणाले, "बरं. आईशी बोल," आणि फोन आईकडे दिला.

मला वाटलं होतं आजोबा पुन्हा मला बर्फावर नेणार नाहीत. पुढच्या शुक्रवारी ते म्हणाले, "उद्या नऊला." पण काम बदललं. वही त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली. मोजायचं मी, लिहायचं त्यांनी. मी आकडा ओरडून सांगितला की ते लगेच लिहीत नसत. जाड बर्फावरून माझ्या पावलांवर पावलं ठेवत जवळ यायचे, वाकून भोकातली पट्टी बघायचे, मग पेन्सिल काढायचे. अकराला आम्ही दोघंही पोटावर होतो. सात आलं. त्यांनी तेही बघितलं. बारापैकी एकदा तरी म्हणतील, राहू दे, सांग तू, मी लिहितो, असं मला वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. खांदा दुखत असूनही बारा वेळा वाकले.

रविवारी आठला बाई आली. एकटीच, भाऊ झोपला होता. फळा वाचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अकरा?"

"सात. तिकडे जायचं नाही."

"दहा?"

"अठरा."

"तू मोजलंस?"

"हो."

"कुणी बघितलं?"

मी आजोबांकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. तेव्हा कुठे तिने बादली उचलली, खुर्ची काखेत मारली आणि बर्फावर उतरली. दहाच्याही बऱ्याच अलीकडे, काठाच्या बाजूला तिने खुर्ची उघडली. ती बसेपर्यंत मी तिची पावलं मोजत होते. ती बसली. मग मी तिच्यामागून उतरलेल्या, मंडळातल्या दुसऱ्या माणसाची पावलं मोजू लागले.